हृदयातला रक्तप्रवाह मोजायचा, तर फिजिक्स सोडू नका

प्रश्न : माझी मुलगी सांगलीत बी.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला गेल्या वर्षी हार्ट अटॅक आला, त्यानंतर हृदयाचा एमआरआय करावा लागला. तेव्हापासून ती एकच म्हणते, एमआरआयनं हृदयातला रक्तप्रवाह कसा मोजतात यावर संशोधन करायचंय. डॉक्टर न होता हे करता येतं का? त्यापेक्षा एमआरआय टेक्निशियनचा कोर्स करून लवकर नोकरी लागलेली बरी, असं मला वाटतं. – एक पालक

उत्तर :

नमस्कार. आधी तुमची तब्येत सांभाळा, औषधं आणि तपासण्या चुकवू नका.

डॉक्टर न होता हे काम नक्की करता येतं. एमआरआयसाठी २००३ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं ते पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना. एक रसायनशास्त्रज्ञ, दुसरे भौतिकशास्त्रज्ञ. रक्तप्रवाहाचा प्रश्न तर मुळातच फिजिक्सचा आहे, आणि तो काय आहे हे तुम्हीही समजून घ्यावं असं मला वाटतं. मुलीचा हट्ट मग वेगळा दिसेल.

तुमच्या इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टवर ‘ईएफ’ म्हणून एक टक्केवारी असेल. भरलेल्या डाव्या कप्प्यातलं किती रक्त एका ठोक्यात बाहेर पडतं, त्याचा तो आकडा. निरोगी माणसात तो साधारण ५५ ते ७०. आकडा महत्त्वाचाच आहे, पण रक्त आत कुठल्या वाटेनं फिरलं हे त्यातून कळत नाही. निरोगी कप्प्यात शिरलेलं रक्त भोवरा घेत महाधमनीकडे वळतं. स्वीडनमधल्या लिंशॉपिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी एमआरआयवरून या प्रवासाचा माग काढला आणि कप्प्यातल्या रक्ताचे चार भाग पाडले. एक भाग ज्या ठोक्यात आत येतो त्याच ठोक्यात बाहेर जातो. दुसरा आत येऊन थांबतो, तिसरा आधीचा थांबलेला असतो आणि आता बाहेर पडतो, चौथा निदान दोन ठोके आतच राहतो. निरोगी हृदयात पहिला भाग साधारण एक तृतीयांश असतो. ताणून मोठ्या झालेल्या कमजोर हृदयात तो घटतो आणि रेंगाळणारं रक्त वाढतं. मोठ्या अटॅकनंतर हृदयाचं टोक हलेनासं झालं, तर नदीच्या डोहात पाणी थांबावं तसं तिथलं रक्त संथ होतं. त्यात गुठळी होऊ शकते, आणि ती सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात. हा धोका कुणाला जास्त आहे, हे प्रवाहाच्या चित्रावरून आधीच ओळखता येईल का? यावर आज काम चालू आहे, आणि ते व्हायलाच हवं.

हे मोजतात कसं, ते मुलीला कागदावर मांडायला सांगा. रक्तातल्या पाण्यात हायड्रोजनची केंद्रकं असतात. त्यांना आधी एका दिशेचा आणि लगेच उलट दिशेचा चुंबकीय उतार द्यायचा, म्हणजे जागेनुसार कमी-जास्त होणारं चुंबकीय क्षेत्र. जागेवर असलेल्या केंद्रकांवर दोन्हींचा परिणाम रद्द होतो. सरकलेल्या केंद्रकांच्या फेजमध्ये, म्हणजे त्यांच्या फिरण्याच्या कोनात, मात्र फरक उरतो आणि तो वेगाच्या प्रमाणात असतो. तिन्ही दिशांना हे मोजलं आणि ठोक्याच्या प्रत्येक टप्प्यावर मोजलं, की झाला ‘फोर-डी फ्लो’. त्याला रंगद्रव्याचं इंजेक्शन अत्यावश्यक नसतं, एक्स-रेसारखे किरणही नसतात.

अडचणी खऱ्या आहेत आणि करिअर त्या अडचणींमध्येच आहे. जास्तीत जास्त किती वेग मोजायचा ते आधी ठरवावं लागतं. मर्यादा सेकंदाला दीड मीटर ठेवली आणि आकसलेल्या झडपेतून रक्त चार मीटरनं सुटलं, तर चित्रात वेग भलताच येतो, कधी दिशासुद्धा उलटी दिसते. माहिती शेकडो ठोक्यांतून गोळा करून ईसीजीच्या आधारे एकत्र जोडतात. आजारी हृदयाचे ठोके अनियमित असले की ही जोडणी बिघडते, म्हणजे ज्यांना तपासणीची गरज जास्त, त्यांचंच चित्र काढणं अवघड. स्कॅनला दहाएक मिनिटं लागतात आणि धाप लागणाऱ्या माणसाला तेवढं पडून राहणंही जड जातं. कमी मोजमापांतून पूर्ण चित्र उभं करायचं गणित म्हणूनच इतकं मोलाचं आहे.

आता तुमचा टेक्निशियनचा मुद्दा. ते काम जबाबदारीचं आहे, नोकरीही लवकर लागते. पण टेक्निशियन ठरलेल्या पद्धतीनं स्कॅन करतो आणि तुमच्या मुलीला ती पद्धतच घडवायची आहे. आणखी एक गल्लत हमखास होते. ‘मेडिकल फिजिसिस्ट’ हे नाव ऐकून मुलं मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिओलॉजिकल फिजिक्स डिप्लोमाकडे वळतात. तो कोर्स उत्तम आहे, पण त्यातून मुख्यतः कॅन्सरच्या रेडिएशन विभागात काम मिळतं. तिची वाट ती नाही.

तिची वाट एम.एस्सी. आणि मग पीएच.डी. अशी आहे. लांब आहे, हे मी लपवत नाही, एकूण सात-आठ वर्षं धरा. पण ती सगळी तुमच्या खिशातून जाणार नाहीत. नेट या राष्ट्रीय परीक्षेतून जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० रुपये फेलोशिप असते. आयआयटी मुंबईचा बायोसायन्सेस अँड बायोइंजिनिअरिंग विभाग, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, तिरुवनंतपुरमची श्री चित्रा संस्था, लखनौचं सेंटर ऑफ बायोमेडिकल रिसर्च ही नावं लिहून ठेवा. पवईच्या समीर या सरकारी संस्थेच्या पुढाकारानं १.५ टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) देशी एमआरआय यंत्र विकसित झालं आहे, म्हणजे यंत्र बांधणाऱ्यांचीही देशात गरज आहे. एमआरआय बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांची बंगळुरूत विकास केंद्रं आहेत. स्वीडनसारख्या देशात पीएच.डी.चा विद्यार्थी बहुधा पगारी कर्मचारी असतो, तेही पुढे बघता येईल. एक गोष्ट मात्र आधीच सांगतो. हृदयाचा एमआरआय नियमित करणारी रुग्णालयं आपल्याकडे अजून मोजकीच आहेत. त्यामुळे गाईड निवडताना त्यांचं एखाद्या हृदयविभागाबरोबर प्रत्यक्ष काम चालू आहे का, हे तिनं थेट विचारावं. यात संकोच करू नये.

या वर्षी तिनं फुरिए रूपांतर आणि लिनिअर अल्जेब्रा पक्कं करावं, आणि पायथन शिकावं. बी.एस्सी.ला फ्लुइड मेकॅनिक्स फारसं होत नाही, ते एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन व्यासपीठावर फुकट शिकता येतं. वर सांगितलेलं उलट-सुलट उताराचं गणित पायथनमध्ये लिहून स्थिर आणि चालत्या केंद्रकांच्या फेजचा आलेख काढायला सांगा. दोन-तीन संध्याकाळींचं काम आहे. ते करताना तिला वेळेचं भान राहिलं नाही, तर तुम्ही निश्चिंत व्हा. कंटाळा आला, तर तेही आत्ताच कळलेलं बरं, मग आपण पुन्हा बोलू.

आयआयटीसारख्या संस्थांतल्या एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेश परीक्षा फेब्रुवारीत होते आणि अर्ज सहसा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरायचे असतात. शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ती देऊ शकतात. हवी ती जागा नाही मिळाली, तर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात किंवा पुण्यात एम.एस्सी. करून नंतर गेट किंवा नेट देता येते. कोल्हापूर घरापासून जवळ आहे, तुमची तपासणी असेल तेव्हा तिला येता येईल.