वाचक विचारतात : बर्फातील हरीण आणि हंगामाचे शेवटचे आठवडे

गेल्या अंकात उत्तर मिनेसोटातील हिवाळ्याविषयी लिहिताना, मुलीच्या घरी काढलेल्या चार हिवाळ्यांत मी तिच्या शेजाऱ्यांबरोबर डिसेंबरातल्या हरणाच्या शिकारीला जात असे, असा एका ओळीचा उल्लेख केला होता. बंदूक मी कधी हाती घेतली नाही. माग काढायला मदत करणे, ओझे ओढणे आणि पाहणे एवढेच माझे काम होते. त्या एका ओळीवर जेवढी पत्रे आली तेवढी या सदराला क्वचितच येतात. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे.

माझा मुलगा नोकरीसाठी तात्पुरत्या व्हिसावर मिनियापोलिसला आहे. सहकाऱ्यांबरोबर त्याने हरणाच्या शिकारीचा परवाना काढला असून डिसेंबरात ठासणीच्या बंदुकीने तो शिकारीला जाणार आहे. आमच्या घरात कोणी बंदूक पाहिलेलीसुद्धा नाही. हे कायद्यात बसते का, आणि त्या थंडीत जिवाला धोका किती? — एक आई, खारघर

कायद्यात बसते, मात्र कागद पुरे हवेत. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे तात्पुरत्या व्हिसावरील परदेशी नागरिकाला एरवी बंदूक किंवा काडतुसे बाळगता येत नाहीत. कोणत्याही राज्याचा मुदतीतला शिकारीचा परवाना हा त्याला असलेला एक अपवाद आहे. ठासणीच्या, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासून भरायच्या, बऱ्याचशा बंदुका त्या कायद्याच्या व्याख्येबाहेर राहतात हे खरे, पण उद्या मित्राची रायफल क्षणभर हातात धरायची वेळ आली तरी तो परवाना खिशात असला पाहिजे. शिवाय ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्या माणसाला मिनेसोटात शिकारीचा परवाना मिळण्याआधी बंदूक-सुरक्षेचे प्रशिक्षण पुरे करावे लागते. त्याने ते नुसते उरकले की मनापासून केले, हे त्याला अवश्य विचारा. ठासणीच्या बंदुकीचा हंगाम तेथे नोव्हेंबरच्या अखेरीस, थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सुरू होतो आणि सोळा दिवस चालतो. सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच बार काढता येतो, आणि टोपी व कमरेवरचा वरचा कपडा भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी असावा लागतो. हरणाला तो रंग आपल्याइतका उठून दिसत नाही, दुसऱ्या शिकाऱ्याला मात्र लांबून दिसतो.

धोक्याचे म्हणाल, तर गोळीपेक्षा मला घामाची भीती अधिक वाटे. पहाटे अंगावर सगळे कपडे चढवून माणूस गुडघाभर बर्फातून भराभर चालतो, मचाणाशी पोहोचेपर्यंत आतून भिजतो, आणि मग तीन तास हलायचे नसते. ओले बनियन अंगातली ऊब अक्षरशः शोषून घेते. म्हणून जाताना थंडी वाजेल इतक्याच कपड्यांत हळू चालावे आणि जाड जाकीट पाठीवर बांधून न्यावे. मचाणावर चढताना-उतरताना खांदे आणि मांड्या धरणारा सुरक्षा-पट्टा झाडाला अडकवलेलाच असावा, कारण बर्फ साचलेल्या पायरीवरून बूट सहज सुटतो. गोठलेल्या तळ्यावरून वाट जवळची असली, तरी किमान चार इंच जाडीचा स्वच्छ बर्फ असल्याची खात्री झाल्याशिवाय पाऊल टाकू नये. आणि बंदुकीविषयी एक बारीक गोष्ट: थंडगार बंदूक उबदार घरात आणली की तिला आतून-बाहेरून दव सुटते आणि नळीतली दारू सर्दावते. सकाळी चाप ओढला की नुसता खट् आवाज होतो, किंवा दारू उशिरा पेटते, आणि तो उशीर फार घातक असतो. बंदूक रिकामी करून कुलूपबंद थंड जागेतच ठेवावी. त्याने कोणत्या रस्त्याने जाऊन कोठे बसायचे ठरवले आहे, हे तेथील एखाद्या माणसाला लिहून द्यायला सांगा. डिसेंबरात तेथे साडेचारलाच सूर्य मावळतो.

उणे २५ अंशांत हरीण मरत कसे नाही? आणि बर्फात त्याला लपायला जागाच नसेल, तर शिकार सोपी होत नाही का? — अकरावीतला विद्यार्थी, ऐरोली

तुझ्या दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे, म्हणून उत्तर थोडे लांबवतो. हिवाळ्यात पांढऱ्या शेपटीचे हरीण, म्हणजे व्हाइटटेल, कमाईवर जगत नाही, शिलकीवर जगते. शरद ऋतूत ओकची फळे आणि शेतात सांडलेला मका खाऊन ते चरबी साठवते. अंगावर दाट लोकरीसारखा थर येतो आणि त्यावर लांब, पोकळ केस उगवतात. मुलीच्या घरामागे रात्रभर बसलेली एक हरिणी सकाळी मी खिडकीतून पाहिली, तेव्हा तिच्या पाठीवर बोटभर बर्फ तसाच होता. अंगातली ऊब बाहेर निसटत असती, तर तो वितळला असता. शिवाय हिवाळ्यात हरीण आपोआप कमी खाते आणि कमी हिंडते. बंदिस्त हरणांपुढे भरपूर चारा ठेवला तरी त्यांचे खाणे या दिवसांत उतरते. म्हणूनच दया येऊन भुकेल्या हरणापुढे अचानक मक्याचा ढीग ओतणे धोक्याचे असते: डहाळ्या पचवायला सरावलेल्या त्याच्या पोटातील जीवाणूंना एकदम इतके पिष्ट झेपत नाही, पोटात आम्ल वाढते, आणि हरीण भरल्या पोटी मरते.

आता शिकारीचे पाहू. नोव्हेंबरच्या मध्यावर माजाचा काळ असतो, तेव्हा नर हरिणींमागे दिवसाढवळ्या धावतात आणि त्या धावपळीत वजनाचा पाचवा ते चौथा हिस्सा गमावतात. डिसेंबरात तोच नर हाडे निघालेला, सावध आणि काटकसरी झालेला असतो. बर्फ चाळीस-पन्नास सेंटिमीटरच्या वर गेला की त्याचे पोट टेकू लागते आणि प्रत्येक पावलाची किंमत वाढते. मग हरणे पांढऱ्या सिडारच्या गर्द रानात एकत्र जमतात, कारण त्या झाडांचा पर्णभार बर्फ वरच्या वर झेलतो आणि वारा अडवतो; तेथे ती ठरावीक पायवाटा तुडवून पक्क्या करतात. निरभ्र दिवशी दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन खात बसतात. संध्याकाळी एखाद्या शेतातले मक्याचे खुंट किंवा कोवळ्या डहाळ्या यांच्यापर्यंत जाऊन परततात. त्यामुळे जाणता शिकारी या दिवसांत रानभर हिंडत नाही. बसायची जागा आणि खायची जागा यांमधली वाट ठशांवरून ओळखून तो वाऱ्याच्या खालच्या अंगाला दुपारीच जाऊन बसतो. कडक थंडी पडणार असेल तेव्हा हरणे खायला लवकर, उजेडातच बाहेर पडतात. दाणा टाकून त्यांना बोलावणे मिनेसोटात बेकायदा आहे, आणि ते योग्यच आहे.

सोपी मात्र मुळीच नाही. पाने झडलेली असल्याने हरणालाही माणूस लांबून दिसतो, आणि कडक थंडीत बर्फाचा पापुद्रा बुटाखाली काचेसारखा वाजतो. ठशांचेही गणित फसवे असते. बोटभर बर्फात नर पाय ओढत चालल्याच्या रेघा दिसतात, त्यावरून तो ओळखता येतो असे म्हणतात. पण बर्फ घोट्याच्या वर गेला की पाडससुद्धा पाय ओढते.

एका गोष्टीबाबत माझे मत पक्के आहे. सिडारच्या आश्रयरानात हरणे एकदा जमली की तेथे हाका करून त्यांना बाहेर काढणे कायद्यात बसले तरी करू नये. उठवलेल्या प्रत्येक हरणाची शिल्लक त्या एका पळापळीत घटते, आणि जे गोळीतून वाचते ते मार्चमध्ये पडते. मिनेसोटाचे वनखाते हिवाळ्याची कठोरता मोजताना उणे १८ अंश किंवा त्याखालच्या दर दिवसाला एक गुण आणि जमिनीवर ३८ सेंटिमीटर बर्फ असलेल्या दर दिवसाला आणखी एक गुण देते. बेरीज १८० च्या वर गेली की तो हिवाळा कठोर मानतात. अशा वर्षी आधी पाडसे मरतात.

मी उपवनला राहते आणि सकाळच्या फिरण्यात येऊरच्या वाटेवर कधीकधी चितळे दिसतात. डिसेंबरात हरिणी गाभण असतात ना? मग तेव्हा त्यांना मारायला परवानगी देणारा कायदा कसला? आणि उद्या आपल्याकडेही हाच युक्तिवाद झाला तर? — एक वाचक, ठाणे

आपला प्रश्न मला सर्वांत जड गेला. होय, बहुतेक प्रौढ हरिणी तेव्हा गाभण असतात. नोव्हेंबरात फळलेली हरिणी सुमारे दोनशे दिवसांनी, मेअखेर किंवा जूनमध्ये विते, त्यामुळे डिसेंबरात गर्भ अगदी लहान असतो. पण संख्येच्या हिशेबाने पाहिले, तर हरिणी ऑक्टोबरात मारली काय आणि डिसेंबरात मारली काय, पुढच्या उन्हाळ्यातले पाडस दोन्हीकडे जातेच. तेथे लांडगे आणि कुगर नावाची मोठी रानमांजरे पूर्वीच्या बहुतेक मुलखातून नाहीसे झाले. १९०० च्या सुमारास संपूर्ण अमेरिकेत पाचेक लाखांवर आलेली ही हरणे संरक्षणामुळे आज तीन कोटींच्या घरात आहेत, असे मानले जाते. ज्या रानात ती अतोनात वाढतात तेथे सिडारची रोपे गुडघ्याच्या वर जात नाहीत, म्हणजे पुढच्या हिवाळ्यांचा आसराच खाऊन टाकला जातो. विस्कॉन्सिनमध्ये १९४३ साली हरिणींच्या शिकारीला मुभा दिली गेली, तेव्हा तिची बाजू घेणारे वन्यजीव-व्यवस्थापनाचे प्राध्यापक आल्डो लिओपोल्ड यांच्यावर लोक तुटून पडले होते; ते मात्र उपासमारीने मरणाऱ्या हरणांकडे बोट दाखवत राहिले. त्यांचा युक्तिवाद मला पटतो. तरीही हरिणीवर नेम धरणे मला स्वतःला जमले नसते, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

हा युक्तिवाद येऊरला लागू होत नाही, कारण तेथल्या आपल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबट्या आहे आणि चितळ हे त्याचे हक्काचे अन्न आहे. कायदाही स्पष्ट आहे: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमातील कलम ९ शिकारीला मनाई करते, आणि परवाना काढून शिकार करण्याची उरलीसुरली वाट १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. येऊरच्या चितळांना आपल्याकडून हवे आहे ते एवढेच, की फिरायला येणाऱ्यांनी कुत्री मोकळी सोडू नयेत आणि खाण्याच्या पिशव्या टाकू नयेत.

आमचे आजोबा मुरबाडकडे ठासणीची बंदूक बाळगून होते. जखमी जनावर सोडून घरी आले तर आजी त्यांना जेवायला वाढत नसे, असे घरात सांगतात. बर्फावर रक्त दिसत असल्याने तेथे जखमी जनावर हमखास सापडत असेल ना? — निवृत्त शिक्षक, कळवा

आपल्या आजींना माझा नमस्कार. बर्फ मदत करतो, पण फसवतोही. चार थेंब बर्फात पसरून ओंजळभर दिसतात आणि शिकाऱ्याला वाटते की हरीण पुढच्या झुडपामागेच पडले असेल. रंग पाहावा लागतो. फिकट, फेसाळ लाल असेल तर गोळी फुप्फुसात लागलेली असते. अर्धा तास थांबून निघावे. गडद तांबडे असेल तर यकृतात. चार-सहा तास थांबावे. त्यात हिरवट चोथा असेल तर गोळी पोटात लागली आहे आणि हरीण दिवसभर जिवंत राहू शकते. लगेच मागे लागले, तर ते वेदनेतही मैलभर जाते.

तिसऱ्या हिवाळ्यातली एक सकाळ मला विसरता येत नाही. घोटाभर ताजा बर्फ होता. शेजाऱ्यांचा बार झाला तेव्हा नर उसळून पळाला नाही. पाठीला कुबड काढून चालत चालत रानात गेला. जागेवर जाऊन पाहिले तर काही राठ केस, काळपट रक्त आणि चघळलेल्या डहाळ्यांचा हिरवा चोथा. नऊ वाजले होते. निदान आठ तास थांबायला हवे होते, आणि दुपारनंतर बर्फ पडणार असा अंदाज होता. थांबावे तर माग बुजणार, निघावे तर हरीण उठणार. शेजारी एका ओंडक्यावर बसले आणि जागचे हलले नाहीत. दोनच्या सुमारास पहिली भुरभुर सुरू झाली तेव्हा आम्ही निघालो, दर दहा पावलांना थांबत. दोनशे पावलांवर त्याची बसायची पहिली जागा सापडली: अंगाच्या उबेने वितळून पुन्हा गोठलेली लंबगोल खळगी, कडेला काचेसारखा पापुद्रा, मधोमध तळहाताएवढा काळा डाग. पुढे दुसरी सापडली. तिसऱ्या खळगीत तो पाय दुमडून बसलेला होता, मान टाकलेली, आणि पापण्यांवर पडलेला बर्फ वितळत नव्हता. वर ठसे जवळजवळ भरून आले होते. आणखी अर्धा तास गेला असता तर सापडला नसता.

त्या दिवशी चूक झाली ती नेमाची नव्हती, अंतराची होती. बर्फात डोळ्यांना अंतर फसते, उघड्या पांढऱ्या जागेत लांबचे हरीण जवळचे वाटते, म्हणून बसल्याबरोबर आजूबाजूची झाडे पावलांनी किंवा यंत्राने मोजून ठेवावीत. आणि दुपारी बर्फ पडणार असेल, तर अगदी खात्रीच्या बाराखेरीज बंदूक उचलू नये.

जावयांनी शिकार केलेल्या हरणाचे मांस आम्ही तेथे गेल्यावर खावे का? आणि शिंगे इकडे आणता येतील का? — वाशी

तेथील हरणांत ‘क्रॉनिक वेस्टिंग डिसीज’ नावाचा मेंदूचा एक रोग आढळतो. तो १९६७ मध्ये कोलोरॅडोत प्रथम लक्षात आला आणि २००२ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये सापडला. विकृत प्रथिनामुळे होणारा हा रोग शिजवल्याने जात नाही. माणसाला तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही, तरी रोगी ठरलेल्या हरणाचे मांस खाऊ नये असा आरोग्य खात्याचा सल्ला आहे. मानेतल्या गाठींची तपासणी होते. तिचा निकाल येईपर्यंत मांस चिठ्ठी लावून गोठवून ठेवावे आणि मगच खावे. मांस इकडे सामानात आणू नका, त्याला आयात परवाना लागतो. शिंगांसाठी सीमाशुल्क आणि वन्यजीव या दोन्ही खात्यांकडून निघण्यापूर्वी लेखी उत्तर मागवा, आणि ते हाती येईपर्यंत शिंगे जावयांच्या भिंतीवरच राहू द्या.