वाचकांचे प्रश्न : एकवीस दिवसांत सवय लागते का?

प्रश्न : मी फोंड्याला राहतो आणि नोकरीसाठी रोज बसने पणजीला जातो. रक्तातली साखर काठावर आल्यामुळे डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला आणि संध्याकाळचे तळलेले खाणे सोडायला सांगितले आहे. एकवीस दिवस नेम पाळला की सवय लागते असे ऐकून मी महिनाभर तो पाळलाही. पण पाऊस सुरू झाला, मग चवथ आली आणि सगळे बारगळले. माझ्यात निर्धारच नाही का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : निर्धार नसता तर महिनाभर तुम्ही चाललाच नसता, तेव्हा तो प्रश्न बाजूला ठेवू. एकवीस दिवसांचा हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या लेखनातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे त्यातला ‘किमान’ गळाला आणि चेहऱ्याचा संदर्भही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा माग घेतला, तेव्हा कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असे दिसले. मात्र माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता आणि पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टीपेक्षा व्यायामाला अधिक वेळ लागत होता. एखादा दिवस चुकल्याने झालेले काम वाया जात नाही, हेही त्याच अभ्यासात आढळले. म्हणजे तुमचा महिना अपुरा होता, फुकट गेलेला नव्हता.

तुमच्या पत्रात ‘रोज चालायचे’ एवढेच आहे. कधी आणि कशानंतर, हे नाही. खरी मेख तिथेच आहे. सवय त्याच जागी, त्याच वेळी, त्याच खुणेमागून पुन्हा पुन्हा केलेल्या कृतीची लागते, आणि खूण पक्की असली की ‘आज जाऊ की नको’ हा वाद मनात उभाच राहत नाही. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने ‘अमुक झाले की मी तमुक करीन’ अशा नेमक्या योजनेचा बराच अभ्यास केला आहे. नुसत्या इच्छेपेक्षा अशी योजना अधिक वेळा तडीस जाते. तुमच्याकडे सकाळी पोदेर (पाववाला) येत असेल, तर त्याचा भोंपू ही फुकटात मिळालेली खूण आहे : पाव घेतले, टेबलावर ठेवले, की दाराशी रात्रीच काढून ठेवलेले बूट घालून थेट बाहेर पडायचे. चहा परतल्यावर.

पावसाळ्याची सोय मात्र आताच ठरवा, कारण गोव्यात जूनपासून चार महिने पाऊस असतो हे काही अचानक घडत नाही. पाऊस कोसळत असेल तर त्याच वेळी, तेच बूट घालून घरातल्या घरात किंवा सोप्यावर फेऱ्या मारा. चवथीला मूळ घरी माणसांची वर्दळ असेल, तेव्हा दहा मिनिटेही चालतील. मात्रा कमी करा, वेळ आणि खूण सोडू नका.

संध्याकाळच्या भज्यांचे गणित उलटे आहे. जुनी सवय पुसली जात नाही, ती दबून राहते आणि ओळखीची जागा दिसताच वर येते. म्हणून बसस्थानकाजवळच्या गाड्यापाशी उभे राहून मनाशी झुंजण्यात अर्थ नाही. (उकळत्या तेलातल्या मिरचीच्या वासापुढे भलेभले हरतात.) कचेरीतून निघण्यापूर्वीच मूठभर भाजलेले चणे किंवा एखादे फळ खा आणि गाडा लागणार नाही अशा वाटेने बस गाठा. हे दोन्ही बदल एकाच दिवशी सुरू करू नका. आधी चालणे बसू द्या.

प्रगतीचा अंदाज रोजच्या वजनावरून घेऊ नका. गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी असते. ती पुन्हा कधी करायची हे डॉक्टरांना विचारून ठेवा, आणि औषधे चालू असतील तर त्यांत स्वतःहून बदल करू नका.