करपलेला घास आणि आतड्याची राखण

प्रश्न : आमचा मुलगा दर रविवारी गच्चीत कोळशाच्या शेगडीवर चिकन भाजतो आणि त्याला तुकड्यांच्या कडा काळ्या पडलेल्याच आवडतात. करपलेल्या मांसात कर्करोगाला निमित्त होणारी द्रव्ये असतात, असे वाचनात आले. अशी द्रव्ये आतडे अडवत नाही काय, की ती तशीच रक्तात जातात? वरून लिंबू पिळून, सोबत कोबी खाल्ल्यास काही उपयोग होतो काय?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आतडे त्यांना अडवते, पण पुरते अडवत नाही.

आपण ज्यांविषयी वाचले ती द्रव्ये मुख्यतः दोन जातींची आहेत. मांसाच्या स्नायूंत क्रिएटिन मुळातच असते. उष्णता साधारण १५० अंश सेल्सिअसच्या वर गेली, की त्याचा अमिनो आम्लांशी आणि शर्करेशी संयोग होऊन हेटेरोसायक्लिक अमाइन तयार होतात. फार भाजलेल्या चिकनमध्ये त्यांपैकी पीएचआयपी हे द्रव्य विशेष आढळते. दुसरी जात धुरातून येते. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडताच जो धूर उठतो, त्यातले बेंझोपायरीन तुकड्यावर बसते. या संशोधनाची सुरुवात मात्र मांसापासून नव्हे, माशापासून झाली. जपानी शास्त्रज्ञ ताकाशी सुगिमुरा यांच्या गटाने १९७०च्या दशकात भाजलेल्या माशाचा धूर आणि करपलेला भाग तपासला, तेव्हा त्यांत जिवाणूंच्या जनुकांत बदल घडवण्याची शक्ती दिसून आली.

आता आतड्याविषयी. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला बोटांसारखे अतिसूक्ष्म उंचवटे असतात आणि त्यांवर पेशींचा एकच थर असतो. अन्न आणि रक्त यांच्यामधला पडदा इतका पातळ आहे. साखरेला या पेशींत शिरण्यासाठी वाहक प्रथिनाची मदत लागते. पीएचआयपीचा रेणू मात्र लहान आणि स्निग्ध पदार्थांत विरघळणारा असल्याने, स्निग्ध द्रव्यांचेच बनलेले पेशीचे आवरण तो कोणत्याही वाहकावाचून ओलांडतो. बेंझोपायरीन तर चरबीच्या पचनाबरोबरच, पित्ताने केलेल्या सूक्ष्म कणांतून, पेशीपर्यंत पोहोचते. म्हणजे तुपातले जीवनसत्त्व ज्या वाटेने येते, त्याच वाटेने हेही येते.

परंतु पेशी स्वस्थ बसत नाही, आणि मला या विषयातला हाच भाग सर्वांत विलक्षण वाटतो. तिच्या अन्नाकडील बाजूवर एबीसीजी२ नावाचे प्रथिन असते, जे आत शिरलेले पीएचआयपी पकडून पुन्हा आतड्याच्या पोकळीत टाकते. हे प्रथिन नसलेल्या उंदरांना पीएचआयपी खाऊ घातले असता, त्यांच्या रक्तात ते सामान्य उंदरांपेक्षा अधिक आढळले. विहिरीत पाणी झिरपत असताना मोट चालूच ठेवावी, तसे हे काम आहे: झिरपा थांबत नाही, पण पातळी खाली राहते.

जे निसटते ते आतड्याकडून थेट यकृताकडे जाणाऱ्या शिरेत उतरते. तिथे त्याची विल्हेवाट लागते, आणि खरा धोकाही तिथेच सुरू होतो, कारण यकृतातले एक विकर (एन्झाइम) त्याचे असे रूप करते की, पुढच्या एका पायरीनंतर ते पेशीच्या डीएनएला चिकटू शकते. बराच भाग दुसऱ्या रेणूशी बांधून, निरुपद्रवी करून मूत्रावाटे किंवा पित्तावाटे बाहेर पाठवला जातो. पण पित्तातून आतड्यात परतलेल्या भागाचे बंध तिथले जिवाणू तोडू शकतात, आणि द्रव्य पुन्हा मोकळे होते. मोठ्या आतड्यावर असा दोन्ही बाजूंनी भार येतो, रक्तातून आणि पोकळीतून.

मुलाच्या बाबतीत घाबरून जाऊ नये. पीएचआयपीमुळे प्राण्यांमध्ये कर्करोग झाल्याचे सिद्ध आहे, पण त्या प्रयोगांतल्या मात्रा आपल्या ताटातल्या मात्रेच्या कितीतरी पट होत्या. माणसाच्या बाबतीत ते ‘संभाव्य’ कारकांत गणले जाते. तरीही दर रविवारी काळ्या कडा निवडून खाणे मला मान्य नाही.

लिंबाचा उपयोग आहे, पण आधी. भाजण्यापूर्वी लिंबू, आले-लसूण आणि मसाल्यात मुरवलेल्या मांसात ही अमाइन कमी तयार होतात. तयार झाल्यावर वरून रस पिळून ती नष्ट होत नाहीत. कोबीच्या कुळातल्या भाज्या ही द्रव्ये निकालात काढणारी विकरे वाढवतात, मात्र ज्या प्रयोगांत हे दिसले, त्यांत लोकांनी अशा भाज्या सलग कित्येक दिवस भरपूर खाल्ल्या होत्या. ताटाच्या कडेला ठेवलेल्या चार कापांनी तो परिणाम होणार नाही. त्यापेक्षा चिकन आधी थोडे वाफवून त्याचे सुटलेले पाणी काढून टाकावे, कातडी व चरबी काढावी, निखाऱ्यांपासून जाळी उंच ठेवून तुकडे वारंवार उलटावेत आणि काळा पडलेला भाग सुरीने काढून मगच वाढावे. रश्श्याच्या रविवारी तर ही चिंताच फारशी उरत नाही, कारण उकळत्या पाण्याचे तापमान १०० अंशांच्या आसपासच राहते.