निवासी शाळेचा कार्बन फूटप्रिंट कसा मोजायचा आणि कमी कसा करायचा?

सर, तुमच्या निवासी शाळेत 200 मुलं आहेत, सोलर पॅनल द्यायला देणगीदार तयार आहे आणि त्याआधी कार्बनचा हिशेब, म्हणजे शाळेमुळे किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो तो, कसा मांडावा, असं तुम्ही विचारलंय. मी यवतमाळ जिल्ह्यात एका आश्रमशाळेवर अधीक्षक आहे. माझं ऐकाल तर देणगीदाराला महिनाभर थांबवा आणि आधी स्वयंपाकघरात ताणकाटा टांगा.

आम्ही डिसेंबरात मोजलं. सरपणाचा प्रत्येक भारा आधी काट्यावर, मगच चुलीकडे. सिलिंडर लावल्याची तारीख खडूनं भिंतीवर, जनरेटरचं डिझेल लिटरमध्ये, मीटरचं रीडिंग दर सोमवारी. वही नववीच्या पोरींकडे होती, एकही दिवस कोरा गेला नाही.

पुढे नुसता गुणाकार. 19 किलोचा सिलिंडर संपला की सुमारे 57 किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेलच्या लिटरला 2.7 किलो, विजेच्या युनिटला साधारण 0.7 किलो. वीज स्वच्छ वाटते, पण आपल्या शेजारचं चंद्रपूरचं 2920 मेगावॅटचं केंद्र कोळशावरच चालतं. सरपणाचा रकाना वेगळा ठेवा. पऱ्हाटी-तुराटी (कपाशीची आणि तुरीची वाळकी झाडं) दरवर्षी पुन्हा उगवते आणि सोडलेला कार्बन परत शोषते, म्हणून तिचा कार्बन बेरजेत धरत नाहीत. जंगलातलं उभं झाड तोडून आणलं, तर ही सूट नाही.

आमच्याकडे पहिली चोरी सापडली ती पाण्याच्या टाकीवर. 5 एचपीची मोटार तासाला 4 युनिटांच्या आसपास खाते. पहाटे लावलेली मोटार टाकी भरल्यावरही तासभर चालायची. टाकीखालच्या भिंतीवर शेवाळ धरलं होतं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. महिन्याचे 120 युनिट, म्हणजे 84 किलो, जवळजवळ दीड सिलिंडर! फ्लोट स्विच बसवला आणि ते थांबलं.

मग डाळ. संध्याकाळच्या वरणाची तूरडाळ मावशी दुपारीच भिजत घालू लागल्या, गंजावर, म्हणजे पातेल्यावर, जड झाकण आलं. सरपण वाचलंच, पण मावशींचं धुरात उभं राहणं कमी झालं, ते मला जास्त मोलाचं वाटतं.

खरकटं खड्ड्यात सडलं की मिथेन निघतो, आणि 100 वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट तापवतो. ते गोबरगॅसमध्ये घाला. मात्र उष्टं कमी व्हावं म्हणून पोरांना कमी वाढू नका. आधी थोडं वाढा, मग मागतील तितकं. पोरांच्या पोटाला हात लावून कार्बन वाचवायचा नाही.

दिवाळीचा एसटी प्रवास, रेशनची गाडी यांचा अंदाज पुरे. झाडं सावलीसाठी जरूर लावा, पण या बेरजेतून वजा करू नका.

पॅनल घ्याच, पण किती किलोवॅटचं ते वही बघून ठरवा. आणि देणगीदाराला विचारायची सोय असेल, तर अंघोळीच्या पाण्यासाठी सोलर हीटर आधी मागा. थंडीत आमचे बंब रोज पहाटे 50 किलोच्या वर लाकूड खात होते, तेही जंगलातलं. अख्ख्या वहीत त्याहून मोठा आकडा नव्हता.