पिल्लांची हगवण : औषध बदलण्याआधी चाचणी

प्रश्न : दूध तोडल्यावर आठवडाभरात डुकराच्या पिल्लांना पातळ, पिवळसर हगवण लागते. मागच्या वेतात लागू पडलेले इंजेक्शन या वेळी लागू पडत नाही. आता कोणते प्रतिजैविक द्यावे?

उत्तर : या वयातील हगवण बहुधा ई. कोलाय जिवाणूमुळे लागते; परंतु ती साल्मोनेला जिवाणूमुळे किंवा रोटा विषाणूमुळेही लागू शकते, आणि विषाणूवर प्रतिजैविकाचा काहीही उपयोग होत नाही. म्हणून केवळ लक्षणे वाचून औषधाचे नाव सांगणे उचित नाही. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत प्रतिजैविक संवेदनशीलता चाचणी, म्हणजे रोगकारक जिवाणूवर कोणते प्रतिजैविक लागू पडते हे पाहणारी चाचणी, करून घ्यावी.

चाचणीचे यश नमुन्यावर अवलंबून असते आणि चूक बहुतेक वेळा तिथेच होते. हगवण नुकतीच लागलेली, पण अद्याप कोणतेही प्रतिजैविक न दिलेली चार-पाच पिल्ले निवडावीत. पशुवैद्यकाकडून निर्जंतुक कापूसकाडी गुदद्वारात हलकेच फिरवून ती वाहक माध्यमाच्या (वाटेत जिवाणू जिवंत ठेवणाऱ्या पदार्थाच्या) नळीत ठेवून घ्यावी आणि बर्फाच्या डब्यातून शक्यतो 24 तासांत प्रयोगशाळेत पोहोचवावी. नमुना गोठवू नये. जमिनीवरची विष्ठा खरवडून पाठवल्यास भलतेच जिवाणू वाढतात.

प्रयोगशाळेत रोगकारक जिवाणू वेगळा करून अगरच्या (जिवाणू वाढवण्यासाठीच्या जेलीसारख्या पदार्थाच्या) थाळीवर पसरतात व त्यावर निरनिराळ्या औषधांच्या चकत्या ठेवतात. सुमारे 16 ते 18 तासांनी, जे औषध जिवाणूची वाढ रोखते त्याच्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसते. सर्वांत मोठे वर्तुळ म्हणजे सर्वांत गुणकारी औषध, हा समज मात्र चुकीचा आहे, कारण प्रत्येक औषधासाठी मिलिमीटरचा निकष वेगळा असतो. अहवालात त्या औषधापुढे ‘संवेदनशील’ (औषध लागू पडते) लिहिले आहे की ‘प्रतिरोधक’ (लागू पडत नाही), एवढेच पाहावे. थाळीवर प्रभावी ठरलेले औषध आतड्यापर्यंत पोहोचलेही पाहिजे: जेंटामायसिनचे इंजेक्शन आतड्याच्या पोकळीत फारसे उतरत नाही, तर तोंडाने दिलेले निओमायसिन रक्तात फारसे न शोषले जाता आतड्यातच राहते. त्यामुळे अंतिम निवड पशुवैद्यकानेच करावी. कोलिस्टिन हे प्रतिजैविक कोणी सुचवल्यास घेऊ नये. अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत त्याच्या वापरावर भारतात 2019 पासून बंदी आहे.

अहवाल यायला काही दिवस लागतात. तोपर्यंत आजारी पिल्ले वेगळ्या, कोरड्या व उबदार कप्प्यात ठेवून त्यांना क्षार-ग्लुकोजचे पाणी वारंवार पाजावे, आणि त्या कप्प्यातील बादली व गमबूट दुसरीकडे वापरू नयेत. एखादे पिल्लू फारच खंगले, तर अहवालाची वाट न पाहता नमुना घेऊन लगेच पशुवैद्यकाच्या सल्ल्याने उपचार सुरू करावेत.