गटारातलं पाणी आणि मेंब्रेनचा प्लँट

प्रश्न : ताई, आमचं गाव खानापूर तालुक्यात, वस्ती १,२०० ची. घरोघर नळ आले तशी गटारं बारमाही वाहू लागली. बऱ्याच घरांनी सेप्टिक टाकीचा पाईपही गटारातच सोडलाय. सगळं नाल्यातून मलप्रभेला जातं. एक विक्रेता मेंब्रेनचा प्लँट घ्या म्हणतोय, पाणी एकदम नितळ येतं म्हणे. पंचायतीनं घ्यावा का?
– एक ग्रामपंचायत सदस्य

उत्तर : दादा, नका घेऊ. पाणी नितळ येतं हे खरं. मेंब्रेन म्हणजे पाणी गाळणारा पडदा, त्याची छिद्रं एवढी बारीक की जिवाणूसुद्धा सहसा निसटत नाहीत. पण प्लँटच्या टाकीतले घाण खाणारे जिवाणू जगवायला हवा सोडणारा ब्लोअर रात्रंदिवस चालावा लागतो. माझं माहेर नंदगडकडचं. मिरगानंतर तिकडं लाईटचा काय भरवसा असतो, ते मला ठाऊक आहे. शिवाय पडदे तुंबतात, औषधानं धुवावे लागतात, काही वर्षांनी बदलावे लागतात. शहरात जागा नसते म्हणून लोक हा खर्च सोसतात. तुमच्याकडं जागा आहे.

जलजीवन मिशनचा हिशेब माणशी रोज ५५ लिटरचा. त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होतं, म्हणजे तुमचं रोजचं ५३,००० लिटरच्या आसपास. एवढ्याला विजेविना भागतं. आधी जाळी, मग गाळ बसायची टाकी, पुढं आडभिंती घातलेली बंद टाकी. तिच्यात पाणी खालीवर होत सरकतं आणि हवेविना जगणारे जिवाणू घाण खातात. शेवटी खडीचा वाफा, त्यात कर्दळ किंवा पाणकणीस. वाफ्याला माणशी एक चौरस मीटर धरा, म्हणजे १२ गुंठे. उतार साधला तर पंपही नको. हे पाणी चाऱ्याला, झाडांना द्या. कच्च्या खायच्या भाजीला मात्र नको.

खरी अडचण पावसाची आहे, आणि विक्रेता त्यावर बोलला नसणार. गावातल्या एक एकर छपरांवर नुसता २५ मिलिमीटर पाऊस झाला तरी लाखभर लिटर पाणी होतं, तुमच्या रोजच्या सांडपाण्याच्या जवळजवळ दुप्पट! आषाढात हे सगळं त्याच गटारात आलं, तर टाकीतला गाळ आणि जिवाणू धुऊन मलप्रभेत नेईल, मग प्लँट कितीही महागडा असू दे. म्हणून पागोळ्यांचं पाणी उघड्या गटारात राहू द्या आणि मोरी-संडासाचं बंद पाईपात घ्या. पहिला पैसा इथंच घाला, असं मी आग्रहानं सांगेन.

ग्रामसभेत कुणीतरी म्हणेलच, घरोघर शोषखड्डे काढू. त्याआधी श्रावणात विहिरींची पातळी मोजा. खड्ड्याच्या तळाखाली दोन मीटर तरी कोरडी माती राहत नसेल, तर तिथं शोषखड्डा नको. नाहीतर संडासाचं पाणी विहिरीत उतरतं आणि नायट्रेट वाढतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे; त्यावर गेलं की तान्ह्या बाळांना धोका. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटतं तसं दाट होतं. हे आयाबायांना आवर्जून सांगा.

पैशाचं म्हणाल तर स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात ५,००० पर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंतची तरतूद ठरली. तुमच्या गावाचे ३ लाख ३६ हजार होतात. तेवढ्यात सगळं होणार नाही. वित्त आयोगाचा निधी जोडून कोणती गल्ली आधी घ्यायची ते पीडीओंशी, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांशी, बसून ठरवा. आणि जाळी दर आठवड्याला कोण साफ करणार, गाळ कोण उपसणार, त्याचा पगार कुठून निघणार, हे ठरावातच लिहून घ्या.