चाचणीत अडकलेला माल : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमचा ६० वॅटचा एसएमपीएस (स्विचिंगने चालणारा वीजपुरवठा) युरोपला जाणाऱ्या एका यंत्रात बसतो. स्विचिंग ६५ किलोहर्ट्झ. सिस्पर ३२ या मानकाच्या क्लास बी कंडक्टेड एमिशन चाचणीत (मेन्सच्या वायरवरून बाहेर पडणाऱ्या नॉइजच्या चाचणीत) तो १९५ किलोहर्ट्झला ८ डीबीने आणि १२ मेगाहर्ट्झच्या आसपास ५ डीबीने मर्यादेबाहेर गेला. कॉमन-मोड चोकचे (फेज-न्यूट्रल दोन्हींतून एकाच दिशेने जाणारा नॉइज अडवणाऱ्या कॉइलचे) वेढे जवळजवळ दुप्पट केले. १९५ तसाच राहिला, १२ मेगाहर्ट्झचा उलट थोडा वाढला. आता काय करावं? (अंबड, नाशिक)

उत्तर : आलेखावर एकाच रेषेत दिसत असले तरी हे दोन वेगळे दोष आहेत आणि दोन्हींना एक औषध चालत नाही.

१९५ ही ६५ ची तिसरी हार्मोनिक. दुसरी १३० ला पडते, म्हणजे १५० किलोहर्ट्झपासून सुरू होणाऱ्या मोजणीच्या बाहेर. १९५ ला मर्यादा, मोजणीच्या दोन पद्धतींनुसार, क्वासी-पीकसाठी सुमारे ६४ आणि सरासरीसाठी ५४ डीबी-मायक्रोव्होल्ट आहे. इतक्या खालच्या फ्रिक्वेन्सीला नॉइज बहुधा फेजमधून जातो आणि न्यूट्रलमधून परत येतो. या प्रवाहासाठी कॉमन-मोड चोकच्या दोन वाइंडिंग एकमेकींचा परिणाम पुसून टाकतात. उरते ती फक्त लीकेज इंडक्टन्स. इथे कामाला येतो फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये बसणारा एक्स कपॅसिटर. ०.१ च्या जागी ०.३३ मायक्रोफॅरड लावून पाहा. निदान बरोबर असेल तर साधारण १० डीबी उतरतील. काहीच हललं नाही, तर इथेही कॉमन-मोडचा वाटा आहे असं समजा. एक्स कपॅसिटर वाढवल्यावर, प्लग काढल्यानंतर तो रिकामा करणारा डिस्चार्ज रेझिस्टर पुन्हा तपासायला विसरू नका. पुढचं उत्तर त्याबद्दलच आहे.

१२ मेगाहर्ट्झचा प्रवाह फेज आणि न्यूट्रल दोन्हींतून एकाच दिशेने बाहेर पडतो आणि अर्थमधून परततो. वेढे वाढवले की वाइंडिंगची आपसातली कपॅसिटन्स वाढते आणि इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला प्रवाह चोकला वळसा घालून निघून जातो. तुमचा आकडा वाढला तो म्हणूनच. खात्री करायची तर मेन्स केबलवर फेराइट क्लिप चढवा, केबलचे दोन-तीन फेरे त्यातून काढा; आकडा उतरला तर दोष कॉमन-मोडचा.

उपाय फिल्टरमध्ये नव्हे, उगमापाशी शोधा. प्रायमरीच्या मोठ्या कपॅसिटरचं ऋण टोक आणि सेकंडरी ग्राउंड यांच्यामध्ये १ नॅनोफॅरडचा वाय१ वर्गाचा (सुरक्षेसाठी प्रमाणित) कपॅसिटर आहे का? असेल तर त्याच्या वाटेची लांबी बघा. तीन-चार सेंटीमीटर वळसे घेणारा ट्रॅक त्याचं निम्मं काम खाऊन टाकतो. मॉसफेटचं (स्विचिंग करणाऱ्या ट्रान्झिस्टरचं) हीट सिंक कुठेही न जोडता तरंगत ठेवू नका आणि अर्थलाही जोडू नका. ते प्रायमरीच्या ऋण टोकाला जोडा, म्हणजे मॉसफेटच्या ड्रेन टोकापासून निघालेला प्रवाह तिथल्या तिथे परत जाईल. मात्र अशा हीट सिंकवर मेन्सचा व्होल्टेज असतो, त्यामुळे हाताला लागेल अशा भागापासून अंतर राखलंच पाहिजे. एवढ्याने भागलं नाही तर ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रायमरी-सेकंडरीच्या मध्ये तांब्याच्या पट्टीचा एक वेढा घाला आणि तो प्रायमरीच्या शांत टोकाला जोडा. पट्टीची दोन टोकं इन्सुलेशन ठेवून एकमेकांवर चढवा, चिकटू देऊ नका. चिकटली तर तो शॉर्ट झालेला वेढा होतो.

आणखी एक गोष्ट झाकण उघडल्या उघडल्या बघा. इनलेटपासून येणारी वायर ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावरून जाते का? जात असेल तर ती फिल्टरनंतरचा नॉइज उचलून थेट केबलवर नेते, आणि फिल्टर कितीही उत्तम असला तरी त्याला काही करता येत नाही.

दर वेळी लॅबची तारीख घेण्याऐवजी लिसन (मेन्स आणि उपकरणाच्या मध्ये बसवायची, नॉइज मोजायला देणारी पेटी) आणि साधा स्पेक्ट्रम अनालायझर कारखान्यातच ठेवा, असा आमचा आग्रह आहे. पण लिसन हाताळताना शिस्त हवी. प्रमाणित ५० मायक्रोहेन्री अधिक ५ ओहम रचनेत मेन्सच्या बाजूला अर्थकडे ८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो, म्हणजे २३० व्होल्टला अर्ध्या अँपिअरहून जास्त प्रवाह कायम अर्थमध्ये जातो. आरसीसीबी (अर्थकडे गळती झाली की पडणारा ब्रेकर) तत्काळ पडेल. तो काढून टाकू नका, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर वापरा. अर्थ आधी, तोही बोल्टने, प्लग त्यानंतर. अर्थ सुटलेल्या लिसनच्या पेटीला हात लागणं जिवावर बेतू शकतं. अनालायझर सर्वांत शेवटी जोडा, मध्ये १० डीबीचा अटेन्युएटर आणि लिमिटर घालून, नाहीतर चालू-बंदच्या झटक्यात त्याचं इनपुट जाईल.

प्रश्न : आमच्या बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरच्या) टेबल फॅनमध्ये ०.४७ मायक्रोफॅरडचा एक्स कपॅसिटर आणि समांतर १ मेगाओहम आहे. प्लग काढल्यावर एका सेकंदाने पिनांवर आम्हाला ३१ व्होल्ट मिळाले. लॅबने ३८ लिहून नापास केलं. लॅबचं मोजमाप चुकलं का? (वाळूज)

उत्तर : लॅब बरोबर आहे. तुमच्या मोजणीत तुमचा प्रोबच कपॅसिटर रिकामा करत होता.

आयएस ३०२ भाग १ नुसार प्लग काढल्यावर १ सेकंदाने पिनांमधला व्होल्टेज ३४ च्या वर नको. २३० व्होल्टचा पीक ३२५. ०.४७ मायक्रोफॅरड आणि १ मेगाओहमचा टाइम कॉन्स्टंट ०.४७ सेकंद, म्हणजे सेकंदाने उरतात सुमारे ३९ व्होल्ट. नेहमीचा १० मेगाओहमचा प्रोब समांतर लागला की रेझिस्टर ०.९१ मेगाओहम होतो आणि उत्तर ३१ येतं. लॅबच्या १०० मेगाओहमच्या प्रोबने ३८ दिसतात. तेव्हा १०० मेगाओहमचा प्रोब घ्या, किंवा निदान हिशेब करून दुरुस्ती लावा. मोजणी पाच-दहा वेळा करा. प्लग पीकवर निघाला तेव्हाचाच आकडा धरायचा.

१ मेगाओहमच्या जागी ३३० किलोओहमचे दोन रेझिस्टर सीरिजमध्ये लावा. उरतील १३ व्होल्ट. कपॅसिटर २० टक्के आणि रेझिस्टर ५ टक्के वरच्या बाजूला निघाले तरी २५ च्या आसपास. दोन यासाठी, की १२०६ आकाराच्या एका चिप रेझिस्टरला साधारण २०० व्होल्टच झेपतात. कायमचा खर्च ८० मिलिवॅट. फॅनचा स्विच कपॅसिटर आणि रेझिस्टर यांच्या मध्ये येत नाही ना, तेही पाहा. चाचणीत प्लग काढण्याआधी स्विच बंद करतात, आणि तो मध्ये असेल तर डिस्चार्जची वाटच तुटते.

प्रश्न : प्लास्टिक पेटीतला पंप कंट्रोलर. स्थिर विजेच्या चाचणीत ४ केव्ही कॉन्टॅक्ट डिस्चार्ज यूएसबीच्या धातूवर दिला की प्रोसेसर रीसेट होतो. महागडा टीव्हीएस (झटक्याचा व्होल्टेज दाबणारा डायोड) लावूनही फरक नाही. (इचलकरंजी)

उत्तर : टीव्हीएसची किंमत नव्हे, त्याच्या ग्राउंड ट्रॅकची लांबी मोजा. ४ केव्हीला पहिला पीक १५ अँपिअरचा असतो आणि तो सुमारे ०.८ नॅनोसेकंदात चढतो. ट्रॅकची इंडक्टन्स ढोबळमानाने दर मिलिमीटरला १ नॅनोहेन्री. म्हणजे १० मिलिमीटरच्या ट्रॅकवरच जवळजवळ १९० व्होल्ट उभे राहतात, टीव्हीएस कितीही चांगला असो. तो कनेक्टरला खेटून बसवा, सिग्नल आधी त्याच्या पॅडवरून जाऊ द्या आणि पॅडशेजारीच दोन-तीन व्हाया (बोर्डचे थर जोडणारी छिद्रं) देऊन ग्राउंड प्लेनला उतरवा. यूएसबीचं कवच चारही पायांनी प्लेनला जोडा. एकाच पायावर ठेवलं की सगळा प्रवाह तेवढ्याच वाटेने प्रोसेसरखालून जातो.

मग रीसेट पिन. १०० नॅनोफॅरड पिनला चिकटून, पुल-अप १० किलोओहम, आणि प्रोग्रामिंग कनेक्टरपर्यंत गेलेला लांब रीसेट ट्रॅक असेल तर मध्ये १०० ओहम. फर्मवेअरमध्ये बटणाची स्थिती एकदाच वाचून निर्णय घेऊ नका, काही मिलिसेकंदांच्या अंतराने तीनदा वाचा.

घरी चाचणी करताना दोन डिस्चार्जच्या मध्ये उपकरणावरचा चार्ज काढायला हवा. अर्थ नसलेल्या पेटीवर तो साठून राहतो आणि पुढचा डिस्चार्ज खरा बसतच नाही. दोन टोकांना ४७० किलोओहमचे रेझिस्टर असलेली वायर त्यासाठी वापरतात.

प्रश्न : १५०० व्होल्ट एसी हायपॉटमध्ये (इन्सुलेशन तपासायच्या उच्च व्होल्टेज चाचणीत) प्रत्येक नग २ मिलिअँपिअरला ट्रिप होतो. फेज-न्यूट्रलपासून अर्थकडे जोडलेले वाय कपॅसिटर काढून चाचणी केली तर चालेल? (भोसरी)

उत्तर : नाही. मग चाचणी विकल्या जाणाऱ्या नगाची राहत नाही. तुमच्याकडे २.२ नॅनोफॅरडचे दोन वाय कपॅसिटर असतील, तर फेज-न्यूट्रल एकत्र जोडल्यावर ५० हर्ट्झला २.०७ मिलिअँपिअर वाहणारच. इन्सुलेशन फुटल्याचं ते लक्षण नाही. ट्रिप ५ मिलिअँपिअरला ठेवा, किंवा २१२० व्होल्ट डीसीने चाचणी करा. डीसीला व्होल्टेज दोन-तीन सेकंदांत हळूहळू चढवा आणि नग हातात घेण्याआधी डिस्चार्ज होऊ द्या. ग्राहकाला लागू शकणारा लीकेज ही वेगळी चाचणी, चालू व्होल्टेजवरची. तिथे याच कपॅसिटरमुळे ०.१६ मिलिअँपिअरच्या आसपास दिसेल.

प्रश्न : अडॅप्टरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक आहे. मग ईएमसी (विद्युत-चुंबकीय सुसंगतता) चाचणी वेगळी हवी का? (रबाळे)

उत्तर : हवी. २०१२ च्या आदेशाने सुरू झालेली ही सक्तीची नोंदणी अडॅप्टरच्या सुरक्षिततेची आहे, त्यात एमिशन मोजलेलं नसतं. आणि पुरवठादाराने ईएमसी रिपोर्ट दिला तरी तो बहुधा रेझिस्टर लोडवरचा असतो. तुमचा बोर्ड आणि दीड मीटरची डीसी केबल लागली की ३० मेगाहर्ट्झच्या वरचं चित्र बदलतं. रिपोर्ट मागताना मॉडेल क्रमांक जुळवा, महत्त्वाच्या सुट्या भागांची यादी घ्या, आणि वाय कपॅसिटर, ऑप्टोकपलर किंवा ट्रान्सफॉर्मरची टेप बदलण्याआधी तुम्हाला लेखी कळवलं जाईल, हे खरेदीच्या ऑर्डरमध्येच लिहून घ्या.